दोन बादल्यांचे काका

पुण्यात काळी गाडी घ्यायला छाती लागते. करड्या गाडीवर धूळ बसते पण दिसत नाही, पांढरीवर दिसते पण खपून जाते, आणि काळीवर ती बसायच्या आधीच दिसते. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतल्या काकांनी २०१६ साली काळीच घेतली. विमा कंपनीत चौतीस वर्षं काढलेला माणूस. पुढं काय होईल सांगता येत नाही, हे लोकांना पटवण्यात सगळी नोकरी गेली आणि जाता जाता ते त्यांचं त्यांनाच पटलं. गाडीचे पेढे वाटत होते तेव्हा कुणी मायलेज विचारत होतं, कुणी हप्ता. काका खाली मान घालून म्हणाले, "क्लिअर कोट पन्नास मायक्रॉनसुद्धा नाही रे." आजारी माणसाचं हिमोग्लोबिन सांगावं तसा आवाज. समोरच्यानं उचललेला पेढा क्षणभर हातातच राहिला.

पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर हे पारदर्शक कवच, अशी ती उतरंड असते. चकाकी या शेवटच्या थराची, ऊन सोसायचं काम मुख्यतः त्याचंच, आणि जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस ७०च्या आसपास भरतो. काकांच्या डोक्यावर मोजण्यापुरतेही केस उरलेले नाहीत, म्हणून असेल, पण हा हिशेब त्यांच्या जिव्हारी लागला. तेव्हापासून ते त्या चाळीस-पन्नास मायक्रॉनचे विश्वस्त आहेत. गाडीचे मालक वगैरे नंतर.

ही जात सगळीकडे आहे, ठाण्यात आहे, नाशकात आहे, आणि ओळखायला सोपी आहे. मॉलमध्ये दारापाशी जागा रिकामी असताना हा माणूस तळघराच्या पार टोकाला, खांबाच्या आडोशाला गाडी लावतो आणि तिथून सहकुटुंब चालत येतो. गाडीत बसण्याआधी तिला एक प्रदक्षिणा घालतो, तीही गुडघ्यात वाकून, डोळे बॉनेटच्या पातळीला आणून. कुणी गप्पा मारता मारता दाराला टेकलं की याचं वाक्य अर्ध्यात तुटतं. "अहो, ते जीन्सचं बटण..." एवढंच म्हणतो. गाडी ही वापरायची वस्तू आहे हे त्याला मान्य असतं, दुसऱ्याच्या गाडीबाबत.

काकांची गाडी ठरावीक कामांनाच बाहेर पडते. नवरात्रात चतुःशृंगी, साताऱ्याला मेहुण्यांकडे आणि पीयूसी काढायला. लक्ष्मी रोडला ते रिक्षानं जातात, कारण तिथं माणसं पिशव्या घासत जातात. रविवारी सकाळी मात्र गाडी दोन फूट पुढं घेतली जाते आणि धुतली जाते. न चाललेली गाडी मळते कशी, असं मी विचारलं होतं.

"पारवे," काका वर बोट करून म्हणाले. त्या एका शब्दात जेवढा द्वेष मावेल तेवढा त्यांनी भरला होता.

धुण्याला बादल्या दोन. निळीत शाम्पू, लालमध्ये साधं पाणी. आधी नुसत्या पाण्यानं वरची धूळ उतरवायची. मग हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक दरवाजा धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून माती सोडवायची आणि मगच परत शाम्पूत जायचं. गाडीला ओरखडे पाडायला शत्रू लागत नाही, धुणारा पुरतो. फडक्यात अडकलेला वाळूचा कण पॉलिश पेपरचं काम करतो, आणि उन्हात काळ्या गाडीवर जे कोळ्याचं जाळं उमटलेलं दिसतं ते मालकानं वर्षानुवर्षं प्रेमानं पुसल्याचं फळ असतं. कपडे धुवायची पावडर तर काकांच्या लेखी फौजदारी गुन्हा. हे सगळं त्यांचं म्हणणं खरं आहे. काकांचं बहुतेक म्हणणं खरंच असतं, आणि त्यांच्याशी वाद घालण्यातली अडचण तीच आहे.

लाल बादलीच्या तळाशी जाळी हवी, म्हणजे खाली बसलेली माती ढवळून वर येत नाही, असाही नियम आहे. अशी जाळी विकत मिळते. काकांना तिची किंमत अन्यायाची वाटली (शाम्पूच्या बाटलीला बाराशे रुपये मोजताना हा न्यायाधीश रजेवर असतो) आणि त्यांनी घरातच सोय पाहिली. हरतालिकेच्या रात्री काकू मोदकपात्र काढायला गेल्या तर आतली चाळण नाही. सारण तयार, पिठी दळून आलेली, पाहुण्यांना आवतण गेलेलं, आणि चाळण नाही. काकूंनी स्वयंपाकघर पालथं घातलं, कामवाल्या मावशींना फोन केला, नणंदेवर संशय घेतला. शेवटी वॉचमन म्हणाला, "ती भोकाभोकाची ताटली का, वहिनी? ती साहेबांच्या लाल बादलीत असते."

काकू खाली आल्या. पुढचं अख्ख्या पार्किंगनं ऐकलं.

"अहो, यावर देवाचा नैवेद्य उकडतो!"

"अगं, पीएच न्यूट्रल आहे तो शाम्पू," काका म्हणाले. समजुतीच्या स्वरात म्हणाले, हे जास्त वाईट झालं.

त्या वर्षीचे त्यांचे मोदक आमच्या चाळणीवर झाले.

आता त्या बाराशेच्या बाटलीकडे यायला हवं, कारण काकांचं खरं दैवत ती आहे. स्वतःच्या अंघोळीला काका लाल साबणाची वडी वापरतात. ती झिजून पातळ झाली की नव्या वडीला चिकटवतात. मात्र त्याच बाथरूमच्या वरच्या फळीवर गाडीच्या बाटल्या ओळीनं उभ्या असतात, आणि अंघोळ करताना त्यांच्यावर शिंतोडे उडू नयेत म्हणून काका तांब्या जपून ओततात. नुसता मळ काढणारा शाम्पू तिथं नाही. प्रत्येक बाटली मळ काढून वर रंगाला संरक्षण देते. एकीत कार्नोबा मेण, एकीत सिलिका, एकीवर 'सेरामिक' असं चांदीच्या अक्षरात, आणि अलीकडे आलेली एक ग्राफीनची. साध्या शाम्पूच्या तीनचार पट किंमत. कुणी किंमत काढली की काका म्हणतात, "प्रीमियम भरल्याशिवाय कव्हर मिळतं का कुठं?"

त्यांना या विषयातलं पुष्कळ माहीत आहे, आणि ते विचारावं लागत नाही. मॅग्वायर्स ही कंपनी १९०१ साली अमेरिकेत लाकडी फर्निचरच्या पॉलिशपासून सुरू झाली, म्हणजे गाडीच्या आधी टेबलं चकाकली, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. कार्नोबा मेण ब्राझीलच्या ईशान्येला वाढणाऱ्या ताडाच्या जातीच्या एका झाडाच्या पानांवरून झाडून काढतात, हेही. "औषधाची गोळी चकाकते ना, तिच्यावरही पुष्कळदा हेच मेण असतं," ते एकदा म्हणाले. काकू आतून म्हणाल्या, "मग बीपीची गोळी तेवढी बॉनेटवर चोळू नका म्हणजे झालं. सकाळची अजून घेतलेली नाहीये."

एकदा न राहवून मी विचारलं, "काका, साबणाचं काम काढायचं, मेणाचं काम बसायचं. दोघं एका बाटलीत नांदतात कसे?"

काकांनी हातमोजा उतरवला. हातमोजा उतरला की शाळा भरते.

"तुझ्या बायकोची कंडिशनरची बाटली बघितलीयेस? ओल्या केसावर ऋण भार असतो, कंडिशनरच्या रेणूवर धन भार. म्हणून धुऊन टाकलास तरी थोडा केसाला धरून राहतो. इथं तेच. मळ फेसाबरोबर जातो आणि ही सिलिकॉन, पॉलिमर मंडळी पाणी मारताना रंगावर बसतात."

हेही बरोबर होतं. मी विचारलं, "बसतात किती?"

"पुरेसे."

"आणि टिकतात किती?"

"बाटलीवर तीन महिने लिहिलंय."

चौतीस वर्षं पॉलिसीच्या मागचा बारीक मजकूर वाचण्यात घालवलेला माणूस बाटलीच्या पुढच्या मोठ्या अक्षरांवर जातो, याचं मला फार नवल वाटतं. मागे लिहिलेलं असतं की दर धुण्याला वापरत राहा. म्हणजे तीन महिन्यांचं संरक्षण हवं असेल तर तीन महिने ओतत राहा, असा तो करार आहे. बादलीभर पाण्यात दोन झाकणं शाम्पू, त्यातलं मेण ते किती, त्यातलं नाल्यात न जाता गाडीवर थांबणार ते किती? जो थर बसतो तो मायक्रॉनच्या कितीतरी खालचा. एकदोन आठवडे, फार तर थोडे जास्त, पाणी झरझर ओघळतं आणि गाडी जरा तुकतुकीत दिसते, हे खोटं नाही. आधी नीट मेण किंवा सीलंट लावलेलं असेल तर मधल्या काळात त्याला थोडा हातभारही लागतो. पण ओरखडा त्यानं थांबत नाही, आणि ऊनही नाही. ज्याला खरंच संरक्षण हवंय त्यानं साधा शाम्पू घ्यावा, उरलेल्या पैशात चार चांगली मायक्रोफायबरची फडकी घ्यावीत आणि वर्षातून दोनदा बसून हातानं मेण लावावं. एवढं सोपं आहे. म्हणूनच काकांना ते पटत नाही. वर्षातून दोनदाच करायचं, तर उरलेल्या रविवारी काय करायचं?

काकांचा खरा विरोधक मी नाही, पोरगा आहे. पोरगा म्हणजे सोसायटीतल्या गाड्या पुसणारा, लातूरकडचा, बावीस-तेवीस वर्षांचा. बादली एक, फडकं एक, सकाळी सहाला सुरुवात आणि आठपर्यंत तीन विंग आटोपलेल्या. गाडीमागे महिना पाचशे. काकांनी त्याला पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो त्याच फडक्यानं आधी एका जीपचं चाक आणि मग शेजारच्या गाडीचं छत पुसत होता. काका तिथंच कठड्यावर बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला घरी बोलावलं, चहा दिला आणि सौदा केला. आमच्या गाडीला हात लावायचा नाही. महिना तीनशे.

पोरग्याला आधी समजलंच नाही. "म्हणजे काका, नुसतं पाणी मारायचं?"

"पाणी नाही, फडकं नाही, बोट नाही."

"आणि तीनशे?"

"तीनशे."

असा करार पुण्यात दुसरा कुणी केला असेल असं वाटत नाही. पोरगा इमानदार निघाला. काकांच्या गाडीशेजारून जाताना तो फडकं पाठीमागे धरतो, आणि एक तारखेला पैसे घ्यायला बेल वाजवतो तेव्हा चेहऱ्यावर काम केल्याचं समाधान असतं.

गेल्याच्या गेल्या मे महिन्यात काकांनी ठरवलं की माझी एकदा खात्री पटवायचीच. बॉनेटच्या मधोमध कागदी टेप लावून फाळणी केली. डावीकडे साधा शाम्पू, उजवीकडे सिलिकावाला. दोन्ही बाजू धुवून, वाळवून, मग झारीनं पाणी. ही बातमी कशी पसरली कळलं नाही, पण अध्यक्षांसकट दहाबारा माणसं जमली. डाव्या बाजूला पाणी पसरून सपाट झालं. उजव्या बाजूला थेंबच थेंब, टपोरे, एकमेकांना न चिकटता थरथरणारे. मुलांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी पॉलिसी मंजूर झाल्यासारखे हात जोडले.

काकू खाली भाजी घ्यायला आल्या होत्या. त्यांनी वाकून बघितलं. "हे बघायला बाराशे रुपये? अळूच्या पानावर याहून गोल थेंब नाचतात. आणि वर त्याचं फदफदं होतं."

विज्ञानाच्या दृष्टीनं काकूंचं चुकत नव्हतं. अळू काय, कमळ काय, पानावरच्या सूक्ष्म उंचवट्यांनी आणि मेणानं पाण्याला पाय टेकू देत नाहीत. थेंब गोल होतो याचा अर्थ पृष्ठभाग पाण्याला जवळ करत नाही, एवढाच. त्याखालचं काही सुरक्षित झालं असा नाही. गंमत पुढं झाली. सगळे थेंब कौतुकानं बघत बसले आणि ते पुसायचं राहिलं. मे महिन्यातलं ऊन, टँकरचं पाणी, आणि टँकर कुठल्या तरी बोअरवेलवर भरलेला. क्षार रग्गड. डाव्या बाजूचं पाणी बरंचसं ओघळून गेलं होतं, जे राहिलं त्याचा फिकट पापुद्रा उमटला. उजवीकडे प्रत्येक टपोऱ्या थेंबानं आपले सगळे क्षार एका जागी गोळा करून ठेवले, आणि पाणी उडून गेल्यावर काळ्या बॉनेटवर पांढऱ्या टिकल्यांची बुट्टी उठली. ज्या बाजूला संरक्षण, त्याच बाजूला डाग. काका त्या दिवशी जेवायला उशिरा वर गेले. व्हिनेगर आणि पाणी घेऊन एकेक टिकली काढत होते.

दोनच दिवसांनी पारव्यांनी निकाल दिला. त्यांना टेपची रेघ कळली नाही. दोन्ही बाजूंना सारखंच. पक्ष्याच्या विष्ठेतलं आम्ल आणि तापलेला पत्रा एकत्र आले की डाग क्लिअर कोटमध्ये उतरतो, आणि शाम्पूतून आलेल्या थराला तो विचारतही नाही. तिथं एकच उपाय, दिसताक्षणी ओल्या फडक्यानं भिजवून उचलायचं. हे काम काका वर्षानुवर्षं करतात, रात्री अकरालासुद्धा, बॅटरी घेऊन. गाडीचा रंग आज आठदहा वर्षांनी नव्यासारखा आहे, तो या बॅटरीमुळे. श्रेय बाटलीला जातं.

पाण्याचा प्रश्न वेगळा. काकांचा मुलगा बंगळूरला असतो. मार्च २०२४ मध्ये तिथल्या पाणीपुरवठा मंडळानं पिण्याच्या पाण्यानं गाड्या धुवायला बंदी केली आणि दंड ठेवला ५,००० रुपये. मुलानं बातमी पाठवली, खाली लिहिलं, 'बाबा, आता इकडे राहायला या.' ते त्यानं काकांच्या तब्येतीसाठी लिहिलं होतं की गाडीच्या, कळायला मार्ग नाही. काका म्हणाले, "सहा बादल्या म्हणजे तीस हजार झाले की." दंड बादलीमागे नसतो, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. पुढं आमच्याकडेही अध्यक्षांनी पार्किंगमधला पाइप काढून घेतला आणि सुचवलं की गाड्या आरओचं वाया जाणारं पाणी साठवून धुवा. काकांनी खिशातून टीडीएस मोजायचं पेन काढलं. आरओतून बाजूला पडणारं पाणी नळाच्या पाण्याहून अधिक क्षारयुक्त असतं, कारण गाळलेले क्षार त्यातच उरतात. काकांनी पेनवरचा आकडा सभेत वाचून दाखवला. अध्यक्ष म्हणाले, "मग फरशी धुऊ." ठराव मंजूर झाला.

दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या जोडप्यानं मोठी गाडी घेतली, तिच्यावर पाच आकडी खर्चून सेरामिक कोटिंग करून आणलं. काकांनी शेजारधर्म म्हणून आपला मेणवाला शाम्पू दिला. धुतल्यावर थेंब पहिल्यासारखे पडेनात. कोटिंग करणाऱ्यानं फोनवर सांगितलं की कोटिंगवर साधाच शाम्पू वापरा, मेण वर बसलं की खालचं कोटिंग झाकलं जातं, धूळही जास्त धरते. त्या जोडप्यानं बाटली साभार परत केली. काका म्हणाले, "डबल कव्हर होतं ते. क्लेम एकालाच मिळतो, एवढंच."

दसऱ्याचं सांगायलाच हवं. काकू बॉनेटवर हळदीकुंकवानं स्वस्तिक काढतात, गेली सगळी वर्षं काढतात, आणि काका अष्टमीपासून वाटाघाटी सुरू करतात. काचेवर काढ. नंबरप्लेटवर काढ. स्टिकर मिळतं, मी आणतो. एकदा तर पारदर्शक प्लास्टिक आधी चिकटवून त्यावर काढ म्हणाले. "देवाला गाडी दाखवायची की पाऊच?" काकूंनी विचारलं. हळदीची काकांना तेवढी भीती नाही, हळदीचा रंग उन्हानं उडतो. कुंकवाचं सांगता येत नाही. स्वस्तिक काढून काकूंची पाठ फिरली की काका मनात आरती म्हणतात, आणि 'मंत्रपुष्पांजली'पर्यंत निळी बादली भरलेली असते. नारळ मात्र शेजारच्या सोसायटीच्या कंपाउंडला फोडतात. कवटीचा तुकडा उडतो.

या पावसाळ्याच्या अखेरीस काकांची कंबर गेली. मागचं चाक घासायला वाकले ते तसेच राहिले, मी आणि वॉचमननं त्यांना खुर्चीसारखं उचलून लिफ्टमध्ये घातलं. डॉक्टरांनी दोन महिने बादली उचलायला मनाई केली. पहिल्या रविवारी काका गॅलरीत बसून होते. दुसऱ्या रविवारी त्यांनी पोरग्याला वर बोलावलं, फळीवरच्या चार अर्ध्या बाटल्या दिल्या, मोदकाच्या चाळणीऐवजी आणलेली खरी जाळी दिली, आणि तासभर धन भार, ऋण भार समजावला. पोरग्यानं लक्ष देऊन ऐकलं. पुढच्या आठवड्यापासून तो दोन बादल्या घेऊन यायला लागला. गेटवर त्यानं कागद लावला, 'सेरामिक शाम्पू वॉश, महिना १५० जादा'. आठवड्यात अकरा गाड्या लागल्या. शाम्पू तो इतका पातळ करतो की काकांच्या चार बाटल्या बहुधा पुढच्या दसऱ्याला पुरतील, आणि गाड्या पूर्वीपेक्षा चांगल्या दिसतात हेही खरं. दुसऱ्या बादलीची करामत. लोक मात्र सेरामिकचं नाव घेतात, आणि काका गॅलरीतून ते ऐकून सुखावतात.

त्यांच्या गाडीवर तोवर तीन आठवड्यांची धूळ आणि पारव्यांची सह्या-शिक्क्यांसकट हजेरी. एक तारखेला पोरग्यानं बेल वाजवली. काकूंनी तीनशे रुपये त्याच्या हातावर ठेवले आणि आवाज खाली आणून विचारलं, "आमची पण धुशील का रे? यांना झोप नाही. किती घेशील?"

पोरग्यानं पैसे खिशात घातले. "हे हात न लावायचे झाले, काकू. लावायचा तर साडेसहाशे."